मसल कार घेताना: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

मसल कार बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला सांगतो. विकणाऱ्यालाही तेच हवे असते. क्रोमची व्हॉल्व्ह कव्हरे चकाकत असतात, एअर क्लीनरवर ‘४५४’चे स्टिकर असते, मालक किल्ली फिरवतो आणि त्या आवाजापुढे विचारायचे सगळे प्रश्न घशातच राहतात. पण या गाडीत सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू म्हणजे इंजिन. होइस्ट, दोन मित्र आणि एक शनिवार-रविवार हाताशी असला की ते बदलते. पत्रा नीट करायला महिने जातात. आणि गाडीचा जन्म कोणत्या इंजिनासह झाला हे तर काही केल्या बदलत नाही. म्हणून तपासणीचा क्रम उलटा धरा. आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी.

या क्रमाचे कारण या गाड्यांच्या जन्मातच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा दंडक होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटिॲकमध्ये जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. दंडक मॉडेलला लागू होता, गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागितलेल्या ऑप्शनला नव्हे. १९६४च्या टेंपेस्ट लमाँ या घरगुती गाडीवर त्यांनी ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन ‘जीटीओ’ नावाचे ऑप्शन म्हणून देऊ केले. जादा किंमत सुमारे ३०० डॉलर. पहिल्याच वर्षी ३२,०००हून अधिक गाड्या खपल्या आणि डेट्रॉइटमधले सगळेच त्या वाटेने धावले. शेवरलेची शेव्हेल एसएस, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर ही सगळी त्याच धावपळीची अपत्ये. रोडरनरने तर त्याच नावाच्या कार्टून पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले आणि गाडीला त्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ करणारा भोंगा बसवला. मस्टँग आणि कॅमेरो यांना जाणकार ‘पोनी कार’ म्हणतात, पण मोठ्या इंजिनाच्या मस्टँग-कॅमेरो बाजारात मसल कारच्याच रांगेत उभ्या असतात. तो वाद क्लबच्या बैठकीसाठी ठेवा.

१९७० हे शिखर. त्या वर्षीच्या शेव्हेलमधल्या एलएस६ इंजिनाची जाहीर ताकद ४५० अश्वशक्ती होती. मग विम्याचे हप्ते कडाडले, प्रदूषणाचे कायदे आले, शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी १९७१मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले, आणि १९७३च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले. १९७२पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. आधी नुसते इंजिन बाहेर ठेवून मोजत, पुढे सायलेन्सर-पट्टे वगैरे जोडून मोजू लागले. त्यामुळे १९७१ आणि १९७२च्या आकड्यांची थेट तुलना करून ‘ही निम्म्या ताकदीची’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याचे किंवा गिऱ्हाइकाचे ऐकू नका.

या इतिहासात आपल्या कामाचे एवढेच: मसल कार म्हणजे बहुतेक वेळा साध्या गाडीवर टाकलेले ऑप्शन. एकाच कारखान्यातून, एकाच पट्ट्यावरून साधी शेव्हेल मालिबू आणि तिची दांडगी बहीण एसएस ४५४ बाहेर पडत होती. सांगाडा तोच, दारे तीच. आज दोघींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे आणि पहिलीची दुसरी करायला लागणारे सगळे बिल्ले, पट्टे आणि बॉनेट नवेकोरे विकत मिळतात. पुढची सगळी खबरदारी त्यासाठी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना या गाड्यांची घरोब्याची आठवण नसते, त्यालाही कारण आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८पासून होता, तो १९५४मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळवल्या जात. पण ते सगळे मसल युगाच्या आधीचे. गाड्यांची आयात आवळली गेली आणि ही दहा वर्षे आपल्या रस्त्यांवरून निसटलीच. आता मिशिगनमध्ये वाहन उद्योगात काम करणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. घराला दोन-तीन गाड्यांचे गॅरेज असते, मुले कॉलेजला गेलेली असतात आणि वूडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टमधला ड्रीम क्रूझ बघून एखाद्याच्या मनात ती इच्छा उठते. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

कागद

गावाकडे जमीन घेताना आपण आधी सातबारा मागतो, पीक नंतर बघतो. इथेही तसेच. पहिला कागद टायटल. त्यावरचे नाव समोर उभ्या असलेल्या माणसाचेच आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, आणि ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रीबिल्ट’चा शिक्का आहे का, हे तीन प्रश्न. टायटल आधीच्या मालकाच्या नावावर आणि मधल्या माणसाने ते स्वतःच्या नावावर केलेच नाही, असा प्रकार पुष्कळदा भेटतो. अशी गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

टायटलवरचा क्रमांक आणि गाडीवरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. १९६८पासून तो डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, काचेतून दिसेल असा असतो. पट्टी धरून ठेवणारे रिव्हेट बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांवर फुलासारख्या पाकळ्यांच्या डोक्याचे रिव्हेट होते. साधे पॉप रिव्हेट, ओरखडे किंवा डिंक दिसला तर तिथेच थांबा. क्रमांकाची पट्टी काढणे किंवा तिच्याशी खेळणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि अशी गाडी पोलिसांनी जप्त केली तर तुमचे पैसेही जातात.

यापुढे कंपनीनुसार वाट फुटते. फोर्ड आणि क्रायस्लरच्या क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन सांगते. १९७० आणि १९७१च्या प्लिमथ-डॉजमध्ये तिथे ‘आर’ असेल तर ती ४२६ हेमीसह जन्मली, ‘व्ही’ असेल तर तीन कार्बुरेटरच्या ४४०सह. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये ‘के’ म्हणजे जास्त ताकदीचे २८९. जनरल मोटर्सच्या गाड्यांत मात्र १९७२च्या आधी क्रमांकावरून नेमके इंजिन कळत नाही. सहा सिलिंडर की आठ, एवढेच. १९६६ ते १९६८च्या शेव्हेल एसएसला क्रमांकात स्वतःची मालिका होती. १९६९पासून एसएस नुसते ऑप्शन झाली आणि क्रमांक मुका झाला. म्हणूनच बनावट गाड्यांचे पीक १९६९, १९७०च्या शेव्हेलमध्ये सगळ्यात जास्त.

मग पुरावा कुठून आणायचा? पाँटिॲकसाठी काम सोपे आहे. पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे क्रमांक आणि फी दिली की कारखान्याच्या नोंदींची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७ आणि पुढच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मागवा. गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या ऑप्शनची, कोणत्या डीलरकडे गेली, सगळे येते. हे दोन्ही कागद गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या मागवता येतात आणि पेट्रोलचा खर्च वाचवतात. क्रायस्लरच्या गाडीला बॉनेटखाली डाव्या मडगार्डवर कोड ठोकलेली छोटी पट्टी असते. शेवरलेच्या बाबतीत अमेरिकेतल्या नोंदी अशा मिळत नाहीत. कॅनडात नवी विकली गेलेली गाडी असेल तर कॅनडातल्या नोंदी मिळू शकतात, हे टोरांटोकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. बाकी शेवरलेसाठी आधार म्हणजे मूळ विंडो स्टिकर, डीलरचे बिल, वॉरंटीची धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, आणि बिल्ड शीट. हा शेवटचा कागद जुळणीच्या पट्ट्यावरच्या कामगारांसाठी होता. काम झाले की तो सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीवर, असा कुठेही अडकून राही. पन्नास वर्षांनी तो उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, तुकड्या-तुकड्यांत सापडतो. फारच स्वच्छ, इस्त्री केल्यासारखे बिल्ड शीट दिसले तर मी जास्त सावध होतो.

‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्द तुम्ही प्रत्येक जाहिरातीत वाचाल. त्याचा अर्थ, गाडीतले इंजिन कारखान्यात तिच्यात बसवलेलेच आहे. शेवरलेच्या ब्लॉकवर पुढे, उजव्या बाजूला एक सपाट जागा असते. तिथे इंजिन कुठे आणि केव्हा जुळवले आणि ते कोणत्या प्रकारचे, हे ठोकलेले असते. १९६९च्या आसपासपासून गाडीच्या क्रमांकाचा भागही ठोकलेला सापडतो. ‘टी ०३१५’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात १५ मार्चला जुळवलेले. शिवाय ब्लॉक ओतला तेव्हाची तारीख ओतकामातच उमटलेली असते. तारखांचा क्रम नैसर्गिक हवा: ब्लॉक आधी ओतला, मग इंजिन जुळले, मग गाडी बनली. गाडी फेब्रुवारीत बनली आणि इंजिन एप्रिलमधले, असे असेल तर विक्रेत्याची गोष्ट तिथेच संपली. खोटे ठोके मारणाऱ्यांची कमतरता नाही. ते आधी जुने आकडे घासून काढतात, आणि घासताना त्या सपाट जागेवरच्या कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषाही जातात. टॉर्च तिरपा धरून बघा. रेषा नसतील, किंवा गोल घासल्याच्या खुणा असतील, तर मूळ इंजिनाची किंमत देऊ नका. नुसती चालणारी गाडी म्हणून घ्यायची असेल तर प्रश्न नाही.

खोटी आणि नक्कल यांत फरक आहे हेही सांगितले पाहिजे. मालिबूला एसएससारखी सजवून ‘ट्रिब्यूट’ किंवा ‘क्लोन’ म्हणून उघडपणे विकणारा माणूस प्रामाणिक आहे. मला तर पहिल्यांदा घेणाऱ्याने अशीच गाडी घ्यावी असे वाटते. किंवा त्याहून चांगले, ३५०चे साधे इंजिन असलेली खरीखुरी मालिबू, ३१८ची खरीखुरी बाराकुडा. चालवायची मजा जवळजवळ तीच आणि रात्री झोप लागते. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल डझनापेक्षा जास्त बनली नाही. त्यातली एक २०१४मध्ये मेकमच्या लिलावात ३५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या १९६९च्या झेडएल१ कॅमेरो एकूण ६९. ही नावे माहीत असावीत, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध.

पत्रा

मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ पडते आणि साठच्या दशकात गंजरोधक उपाय नावालाच होते. गाडी खाली वाकून नव्हे, लिफ्टवर चढवून बघा. लिफ्टला विक्रेत्याची ना असेल तर तुमचीही ना.

मस्टँगमध्ये विंडस्क्रीनखालची हवा आत घेणारी पन्हळ गंजते आणि पाणी पायाखालच्या पत्र्यावर टपकते. गालिचा उचलून हात लावा. पाण्याची बाटली घेऊन त्या जाळीत ओता आणि आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसा. दोन मिनिटांत कळते. शेव्हेलमध्ये मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांमागचा पत्रा. छतावर व्हिनाइल चढवलेले असेल तर त्याखाली पाणी धरून राहते, बुडबुडे दिसले की खाली पत्रा नाही असेच समजा. क्रायस्लरच्या गाड्यांत पुढच्या टॉर्शन बार जिथे अडकतात तो आडवा तुळईसारखा भाग आणि मागच्या स्प्रिंगांची टोके. शेव्हेलला वेगळी चासी आहे, त्यामुळे वरचा पत्रा खराब असला तरी पाया मजबूत असू शकतो. मस्टँग आणि क्रायस्लरच्या गाड्यांना वेगळी चासी नाही. तिथला गंज म्हणजे गाडीच्या कण्याचा गंज.

जुने तंत्र आजही चालते. कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र त्याहून बरे. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. नवा चकचकीत रंग हा गुण समजू नका. ‘नुकताच रंगवलाय’ याचा अर्थ पुष्कळदा ‘नुकताच झाकलाय’ असा असतो. जुना, फिकट, ओरखड्यांचा पण सगळीकडे एकसारखा रंग दिसला तर मला जास्त आनंद होतो. ॲरिझोना-नेव्हाडाकडच्या गाड्यांचा पत्रा छान, पण सीटा, डॅशबोर्ड आणि रबर उन्हाने फुटलेले असतात. हा सौदा मला मान्य आहे, कारण सीटा शिवता येतात.

ओडोमीटरवर विसंबू नका. पाचच आकडे असल्याने ९९,९९९नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. ४२,००० मैल म्हणजे १,४२,०००ही असू शकतात. ब्रेक पेडलच्या रबराची झीज आणि जुन्या सर्व्हिसच्या पावत्या जास्त खरे बोलतात.

इंजिनाबद्दल एवढेच: गाडी बघायला जाल तेव्हा ते थंड असायला हवे, आणि हे आधी फोनवर सांगा. गेल्यावर एक्झॉस्टला हात लावून खात्री करा. गरम इंजिन बरीच दुखणी लपवते.

घरी आणल्यावर

आधी विमा, आणि तोही नेहमीचा नव्हे. साध्या पॉलिसीत कंपनी गाडीला जुनी म्हणून घसारा लावून भरपाई देते. तुम्हाला ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ हवी, म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेली रक्कम. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ ऐकायला सारखीच वाटते, पण तिच्यात कंपनीला कमी द्यायची मोकळीक असते. मिशिगनच्याच ट्रॅव्हर्स सिटीची हॅगर्टी आणि तिच्यासारख्या कंपन्या हे काम करतात. बंद गॅरेज हवे, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, ऑफिसला हिने जायचे नाही, अशा अटी असतात आणि हप्ता मात्र आश्चर्य वाटावे इतका कमी. मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबर प्लेट २६ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला मिळते. ती क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका, प्रदर्शने यांसाठी आहे. फक्त ऑगस्ट महिन्यात गाडी कुठेही चालवायची मुभा आहे. वूडवर्डचा क्रूझ ऑगस्टमध्ये असतो हे लक्षात घेतले तर हा कायदा कोणी लिहिला असेल याचा अंदाज येतो. वर्षभर मनासारखी चालवायची असेल तर साधी प्लेट घ्या.

पहिला खर्च ब्रेकवर. १९६६पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचे मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचे असते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचे सिलिंडर बसवा. पुढे डिस्क ब्रेक लावले तर उत्तम, जुने ड्रम मात्र जपून ठेवा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांच्या टायरवर ३५० अश्वशक्ती सोडू नका.

शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेच्या रस्त्यांवरून १९९६पासून पूर्ण गेले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकांना जपत असे. म्हणून हेड उघडले जाईल तेव्हा कडक पोलादी बैठका बसवून घ्या. निव्वळ त्यासाठी चांगले चालणारे इंजिन उघडायची घाई नको, महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे काही होत नाही. इथॅनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खाते आणि ती नळी फुटते ती तापलेल्या इंजिनाशेजारी. सगळ्या नळ्या इथॅनॉलला टिकणाऱ्या घाला. अकरास एक कॉम्प्रेशनच्या इंजिनाला पंपावरचे सगळ्यात वरच्या ऑक्टेनचेच पेट्रोल लागते. ऑइल जस्त असलेले हवे, कारण या इंजिनांचे कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतात आणि आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त कमी असते. नवा कॅम बसवलाच तर पहिली वीस मिनिटे इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवायचे, आयडलवर सोडायचे नाही. मेकॅनिकला हे माहीत नसेल तर मेकॅनिक बदला.

आणि मग एक पूर्ण उन्हाळा नुसती चालवा. काहीही खोलू नका.

पुनर्बांधणी, म्हणजे रिस्टोरेशन

माझे मत सरळ आहे: करू नका. निदान पूर्ण करू नका. हिशेब बघा. गाडी सुट्या भागांपर्यंत खोलून, सांगाडा फिरत्या चौकटीवर चढवून केलेल्या कामाला सहज हजार तास लागतात. तासाला १०० डॉलर धरले तरी मजुरीच १,००,००० डॉलर. पत्रा, रंग, क्रोम, इंजिन वेगळे. एवढे घालून तयार झालेली साधी शेव्हेल तेवढ्याला विकली जात नाही. म्हणून दुसऱ्याने हौसेने पैसे घालून केलेली आणि आता विकायला काढलेली गाडी घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. मात्र त्या कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो मागा. उघड्या पत्र्याचे फोटो नसतील तर रंगाखाली काय आहे ते देव जाणे.

दुसरे कारण पैशाचे नाही. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटातली स्टीव्ह मॅकक्वीनची हिरवी मस्टँग १९७४मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरना घेतली. घरच्यांनी ती रोज चालवली, मग ती वर्षानुवर्षे उभी राहिली. चालू करण्यापुरती दुरुस्ती झाली, पण रंग, डाग, चित्रीकरणासाठी मारलेली भोके तशीच ठेवली. जानेवारी २०२०मध्ये किसिमीच्या लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. कोणी तिला चकचकीत हिरवा रंग दिला असता तर तो पुरावाच पुसला गेला असता. आपली गाडी काही बुलिट नव्हे, पण कारखान्यातला रंग, बॉनेटखालच्या खडूच्या खुणा, मूळ शिवण, हे एकदा गेले की जगातल्या कुठल्याही गॅरेजला परत आणता येत नाही. स्वच्छ करा, गंज थांबवा, चालती ठेवा.

तरीही काम काढायचेच असेल तर गॅरेजशी करार कागदावर करा. काम टप्प्यांत, पैसे टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो. सगळे आगाऊ कधीही देऊ नका. गॅरेज बंद पडले की तुमची गाडी खोक्यांत असते. उलट बिल थकले तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गॅरेज कायद्याने गाडी अडकवून ठेवू शकते, त्यामुळे वाद झाला तरी लेखी भांडा. रंग काढण्यासाठी वाळूचा मारा मोठ्या सपाट पत्र्यावर मारू देऊ नका, पत्रा तापून लाटा येतात. काढलेली प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवीवर नाव, आणि निकामी वाटलेली मूळ वस्तूही फेकायची नाही. तारखेचा शिक्का असलेला जुना अल्टरनेटर दुरुस्त करून लावणे नव्यापेक्षा महाग पडते आणि विकताना तेच उपयोगी येते.

इंजिन काढून आधुनिक एलएस आणि पाच-सहा गिअरचा बॉक्स टाकायचा, म्हणजे रेस्टोमॉड करायचे, ही तरुण पिढीची आवड. चालवायला ती गाडी खरेच सुखाची. पण ज्या गाडीचे मूळ इंजिन हरवलेले आहे तिच्यावरच हा प्रयोग करा, आणि काहीही कापू नका.

भारतात न्यायची स्वप्ने असतील तर एक परिच्छेद पुरे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली; २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण ती प्रदर्शन, रॅली, संशोधन यांसाठी, रोज डेक्कनवरून फिरायला नव्हे. त्यातच डाव्या हाताचे स्टिअरिंग, आयातीचे नियम आणि जबर सीमाशुल्क. गाडी घेण्याआधी कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटाकडून लेखी उत्तर घ्या. बहुतेक वेळा ते उत्तर वाचून माणूस पुण्याऐवजी डेट्रॉइटमध्येच गॅरेज वाढवतो.

विकताना

मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. तेव्हाही बोलीची किंमत आणि घेणाऱ्याने मोजलेली एकूण रक्कम यांत फरक असतो. मेकम आणि बॅरेट-जॅक्सनसारख्या मोठ्या लिलावांत घेणारा बोलीवर आणखी सुमारे दहा टक्के देतो आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन जाते. शिवाय बॅरेट-जॅक्सनला बहुतेक गाड्या किमान किंमत न ठरवता जातात. त्या दुपारी सभागृहात तुमच्या गाडीचे दोन वेडे नसतील तर हातोडा पडायचा तो पडतोच. दुर्मीळ, कागदोपत्री पक्क्या गाडीसाठी लिलाव ठीक. साध्या, चालत्या गाडीला ब्रिंग अ ट्रेलरसारखा ऑनलाइन लिलाव किंवा हेमिंग्जमधली जाहिरात पुरते. ऑनलाइन लिलावात जाणकार उघडपणे खोचक प्रश्न विचारतात, त्यांना त्याच दिवशी शांतपणे आणि फोटोसह उत्तर द्या. चिडलेला विक्रेता पैसे गमावतो.

फोटो शंभराच्या खाली नकोत आणि त्यात गंजाचे, पुट्टीचे, गळतीचे फोटो असलेच पाहिजेत. थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ, इंजिनावरच्या आकड्यांचा जवळून फोटो, कागदांचा गठ्ठा. इंजिन मूळ नाही हे माहीत असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. माहीत नसेल तर ‘मॅचिंग नंबर्स’ हे शब्द वापरूच नका, कारण उद्या वकील त्याच शब्दांवर बोट ठेवेल. नफा झाला तर तो करपात्र आहे आणि हौसेच्या गाडीतला तोटा करातून वजा होत नाही, म्हणून टायर-नळ्यांपासूनच्या सगळ्या पावत्या जपा. सुधारणांचा खर्च मूळ किमतीत कसा धरायचा ते सीपीएला विचारा.

पैसे घेताना बँकेचा कॅशियर्स चेकही खरा समजू नका. बनावट चेक खात्यात जमा दिसतो आणि आठवड्याने परत जातो. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले वाहतूकवाल्याला द्या’ म्हणणारा शंभर टक्के भामटा. घेणाऱ्याच्या बँकेत भेटा, किंवा पैसे वायरने मागवा आणि तुमच्या बँकेत फोन करून जमा झाल्याची खात्री होईपर्यंत टायटलवर सही करू नका. मिशिगनमध्ये घेणाऱ्याबरोबर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात जाऊन हस्तांतर तिथेच उरकणे सगळ्यात निर्धास्त. नंबर प्लेट गाडीबरोबर जात नाही; ती काढून घ्या. जुने ड्रम ब्रेक, मूळ कार्बुरेटर आणि पिशव्यांतले बाकीचे भाग डिकीत आहेत ना ते बघा, सही केलेल्या टायटलचा आणि विक्रीपत्राचा फोटो काढून ठेवा, आणि ट्रेलर गल्लीबाहेर गेल्यावर विमा कंपनीला फोन करा. त्याआधी नाही.